प्रकाशवेळेवरून ग्रह-सूर्य अंतर काढताना नेमकं काय मोजतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ग्रह आणि सूर्य यांच्यातलं अंतर प्रकाशाला लागणाऱ्या वेळेवरून काढतात म्हणतात. पण आपण ना सूर्यावर बसलोय, ना त्या ग्रहावर. मग तिथला प्रकाश कधी निघाला आणि कधी पोचला हे इथे बसून कळतं कसं? सूर्यावरच रडार सोडून प्रतिध्वनी का घेत नाहीत? आणि यातलं काही घरी करून बघता येईल का?

सूर्य ते ग्रह हा पल्ला घड्याळ लावून कोणीच मोजत नाही. मोजतात तो पृथ्वीवरून ग्रहापर्यंत, किंवा ग्रहाभोवती फिरणाऱ्या यानापर्यंत, जाऊन परत यायला लागलेला वेळ. अशा हजारो फेऱ्या वर्षानुवर्षं नोंदवत गेलं की पृथ्वीची आणि त्या ग्रहाची कक्षा सेकंदांच्या मापात उभी राहते. त्या कक्षा ज्याच्याभोवती वाकलेल्या आहेत तो सूर्य कुठे असला पाहिजे, हे मग गणितच सांगतं. ‘सूर्याचा प्रकाश ८ मिनिटं १९ सेकंदांत पोचतो’ हा हिशेबाचा निकाल आहे; असा वेळ कोणी घड्याळावर वाचलेला नाही. त्यातही तो सरासरीचा आकडा. जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी उपसूर्य बिंदूवर, म्हणजे सूर्याच्या सगळ्यात जवळ, असते तेव्हा ४९०.७ सेकंद लागतात, जुलैच्या सुरुवातीला ५०७.३.

जाऊन-येऊन वेळ घेण्याचं कारण साधं आहे. एकेरी प्रवास मोजायला दोन टोकांना दोन घड्याळं लागतात आणि ती एकमेकांशी जुळलेली असावी लागतात. तिकडचं घड्याळ एक मायक्रोसेकंद चुकलं की ३०० मीटर गेले. दुहेरी प्रवासात निघाल्याची आणि परत आल्याची वेळ एकाच घड्याळावर पडते, त्यामुळे जुळवाजुळवीचा प्रश्नच येत नाही. फक्त मधल्या वेळात ते घड्याळ सरकता कामा नये. दिवसाला एक सेकंद चुकणारं मनगटी घड्याळ १,००० सेकंदांच्या फेरीत साधारण १२ मिलिसेकंद चुकतं, म्हणजे अंतरात १,७०० किमी. हायड्रोजन मेसर या अणुघड्याळावर चालणाऱ्या रेडिओ केंद्रात हीच चूक मिलिमीटरच्या आत राहते. म्हणून घड्याळ हा या कामातला सोपा भाग म्हणायचा. मोजलेला वेळ नेमका कोणत्या दोन बिंदूंमधला आणि कोणत्या क्षणांचा, हे ठरवण्यातच खरी मेहनत जाते. पुढचं जवळजवळ सगळं त्याबद्दल आहे.

आता सूर्यावर रडार. ते करून झालंय. १९५९ साली अमेरिकेत स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सूर्यावरून परतलेला रडार संकेत टिपला. पण सूर्याला टणक पृष्ठभाग नाही. रेडिओ लहर किरीट (कोरोना) या सूर्याच्या बाहेरच्या आवरणातल्या विद्युतभारित वायूतूनच मागे फिरते. कोणत्या उंचीवरून फिरते हे लहरीच्या वारंवारतेवर आणि त्या दिवशी तिथला वायू किती दाट आहे त्यावर ठरतं. शिवाय सूर्य स्वतःच रेडिओ लहरींचा प्रचंड गोंगाट करतो. त्या प्रतिध्वनीतून किरीटाची माहिती मिळते, पण सूर्याच्या केंद्रापर्यंतचं अंतर काढायला तो निरुपयोगी आहे.

म्हणून वाट वाकडी करून शुक्राकडे जायचं. सगळ्यात सोपा हिशेब असा. केप्लरच्या तिसऱ्या नियमाने कक्षांचं गुणोत्तर अंतर न मोजताच मिळतं: शुक्राचा काळ २२४.७०१ दिवस, पृथ्वीचा ३६५.२५६. भागाकाराचा दोन-तृतीयांश घात केला की ०.७२३३. म्हणजे शुक्र सूर्याच्या आणि आपल्या मध्ये येतो तेव्हा, अंतर्युतीला, तो आपल्यापासून ०.२७६७ खगोलीय एकक लांब असतो (पृथ्वी-सूर्य सरासरी अंतर म्हणजे एक एकक). समजा त्या वेळी रडारची फेरी बरोबर २७६ सेकंदांत झाली. एकेरी १३८. पण लहर पृथ्वीच्या पृष्ठभागावरून निघाली आणि शुक्राच्या पृष्ठभागावरून फिरली, केप्लरचा नियम मात्र केंद्रांबद्दल बोलतो. म्हणून दोन्ही त्रिज्या, ६,३७८ आणि ६,०५२ किमी, मिळवायच्या. प्रकाशाच्या भाषेत ४१ मिलिसेकंद. १३८.०४१ ला ०.२७६७ ने भागलं की ४९८.९ सेकंद येतात आणि खरा आकडा ४९९.००५ आहे. त्रिज्या विसरलात तर ही ४१ मिलिसेकंदं भागाकारात फुगून दीडशे मिलिसेकंदं होतात, आणि सूर्य ४५,००० किमी सरकतो.

हे उदाहरण मुद्दाम गोड आकड्यांचं घेतलंय. प्रत्यक्ष कुठल्याही एका अंतर्युतीला हा हिशेब इतका छान बसणार नाही, कारण कक्षा वर्तुळ नाहीत. पृथ्वीचं सूर्यापासूनचं अंतर वर्षभरात २५ लाख किमी इकडेतिकडे होतं, शुक्राचं सात लाखांहून थोडं जास्त. ४ कोटी १४ लाखांच्या अंतरात २५ लाख म्हणजे सहा टक्के. एका प्रतिध्वनीवरून सूर्याचं अंतर ‘काढलं’ असं कोणी सांगितलं तर त्याने कक्षेचा लांबटपणा कुठून घेतला हे आधी विचारावं.

प्रत्यक्ष काम उलट्या दिशेने चालतं. सूर्य, ग्रह, चंद्र आणि शेकडो मोठे लघुग्रह यांच्या एका क्षणाच्या जागा आणि वेग गृहीत धरायचे. गुरुत्वाकर्षणाच्या समीकरणांनी त्यांना पुढेमागे चालवायचं. प्रत्येक नोंदवलेल्या फेरीसाठी ‘या गृहीतानुसार किती वेळ लागायला हवा होता’ ते काढायचं आणि मोजलेल्या वेळेतून वजा करायचं. उरतो तो शेष. सगळे शेष मिळून शक्य तितके लहान होतील अशा बेताने सुरुवातीच्या जागा, वेग आणि वस्तुमानं बदलायची, आणि पुन्हा चालवायचं. यातून तयार होतं ते ग्रहांचं अचूक पंचांग, म्हणजे एफेमेरिस. फेरीच्या वेळेतून मोजपट्टी मिळते. ती वेळ महिनोन्महिने कशी वाढते-घटते यातून कक्षांचा आकार आणि सूर्याची जागा मिळते. सूर्यसुद्धा या गणितात एका जागी खिळलेला नसतो. एकट्या गुरूच्या ओढीमुळे तो सूर्यमालेच्या वस्तुमानकेंद्रापासून सुमारे ७ लाख ४२ हजार किमी बाजूला असतो, म्हणजे अडीच प्रकाश-सेकंद. त्यामुळे ‘सूर्य ते ग्रह’ हे अंतर शेवटी दोन जागांच्या वजाबाकीतून येतं.

शेष वाचणं ही वेगळीच कला आहे. शेषांची लाट एका दिवसाच्या आवर्तनाने येत असेल तर पृथ्वीवरच्या रेडिओ केंद्राची जागा चुकली आहे किंवा वातावरणाची दुरुस्ती. वर्षाच्या आवर्तनाने येत असेल तर पृथ्वीच्या कक्षेकडे बघा. सगळे शेष एकाच आकड्याने वर असतील तर उपकरणांतला विलंब धरायचा राहिलाय. ग्रह सूर्यामागे जाताना ते उसळले तर दोष किरीटाचा.

पहिल्या प्रतिध्वनींची गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण चूक कशी होते हे तिच्यातून दिसतं. प्रतिध्वनीची ताकद अंतराच्या चौथ्या घाताने घटते: जातानाही पसरते, येतानाही. १९६१ साली अमेरिकेतल्या गोल्डस्टोन रेडिओ केंद्राने २६ मीटरच्या अँटेना आणि २,३८८ मेगाहर्ट्झचा दहा-तेरा किलोवॅटचा प्रक्षेपक वापरून शुक्र गाठला. साडेचार कोटी किमीवर त्यातले जेमतेम पंधरा वॅट शुक्राच्या अख्ख्या तबकडीवर पडतात, त्यांचा साधारण दहावा हिस्सा परत फिरतो, आणि तो सगळीकडे पसरून अँटेनात येतं ते एका वॅटच्या दहा-कोटी-कोटी-लाखाव्या भागाच्या (एकावर वीस शून्यं) आसपास. हा संकेत नुसत्या डोळ्यांना गोंगाटातून दिसत नाही. पाठवलेला नमुना आणि आलेला गोंगाट वेगवेगळ्या विलंबांनी सरकवून जुळवून पाहायचे, जिथे जुळतो तो विलंब. खड्डा इथेच आहे. पुरेशा विलंबांवर शोधलं तर नुसत्या गोंगाटातही कुठेतरी शिखर सापडतंच. १९५८ साली अमेरिकेतल्या लिंकन प्रयोगशाळेने शुक्राचा प्रतिध्वनी मिळाल्याचं जाहीर केलं, १९५९ मध्ये इंग्लंडच्या जोड्रेल बँक वेधशाळेने त्याला दुजोराही दिला, आणि दोन्ही चुकीचे निघाले. त्यांच्या आकड्याने खगोलीय एकक एक लाख किमीहून जास्त चुकत होतं. १९६१ च्या अंतर्युतीला वेगवेगळ्या केंद्रांना स्वतंत्रपणे जुळणारं उत्तर मिळालं तेव्हा प्रश्न मिटला. आधीच माहीत असलेल्या उत्तराच्या आसपास शोधत बसलं की दुजोरा फार स्वस्त मिळतो.

शुक्र सूर्याच्या पलीकडे, बहिर्युतीला असतो तेव्हा सहा पटींहून लांब असतो आणि प्रतिध्वनी सुमारे दीड हजार पटींनी क्षीण होतो. म्हणून जुन्या रडार-नोंदी अंतर्युतीभोवती दाटलेल्या आढळतात. आणखी एक अडचण: ग्रह सपाट आरसा नाही. शुक्राच्या जवळच्या बिंदूवरून आणि कडेवरून येणाऱ्या प्रतिध्वनींत ४० मिलिसेकंदांचं अंतर असतं. ग्रहाचं केंद्र काढायचं तर प्रतिध्वनीचा सगळ्यात आधी आलेला भाग धरून त्यात त्रिज्या मिळवायची. पण त्या बिंदूवर नेमका डोंगर असला तर? शुक्रावर ११ किमी उंचीचे पर्वत आहेत. म्हणजे नुसत्या रडारने ग्रहाचं केंद्र मिळतं ते तिथल्या भूरचनेच्या अचूकतेइतकंच. गुरू-शनीला तर परतवणारा पृष्ठभागच नाही. तिथे रडार त्यांच्या चंद्रांवर मारावं लागतं.

म्हणून आज अचूक काम यानांवरून होतं. यानावर ट्रान्सपॉंडर असतो: आलेला संकेत पकडून तो ठरलेल्या गुणोत्तराने वारंवारता बदलून, ताकद वाढवून परत पाठवतो. एक्स-बँड या रेडिओ पट्ट्यात हे गुणोत्तर ८८०/७४९ असतं. येताना नवी ताकद मिळाल्यामुळे चौथ्या घाताचा मार टळतो आणि दोन्ही दिशांना वर्गाच्याच हिशेबाने घट होते.

अंतर मोजायला वाहक लहरीवर (संकेत वाहून नेणाऱ्या मूळ रेडिओ लहरीवर) एक ठोका चढवतात, समजा १ मेगाहर्ट्झचा. परतलेला ठोका पाठवलेल्याच्या किती मागे पडलाय ते मोजलं की एका आवर्तनाच्या आत अंतर मिळतं. पण आवर्तनं पूर्ण किती झाली ते कळत नाही. १ मेगाहर्ट्झला हे आवर्तन दुहेरी प्रवासात १५० मीटरचं. म्हणजे ‘यान कुठेतरी आहे आणि १५० च्या पाढ्यात इतके मीटर वर’ एवढंच समजतं. मग त्याच ठोक्याची वारंवारता निम्मी, पाव, अशी वीस वेळा उतरवत नेतात, तेव्हा संदिग्धता १ लाख ५७ हजार किमीपर्यंत ताणली जाते, आणि त्याच्या आत यान कुठे आहे हे आधीच्या कक्षेवरून माहीत असतं. वरच्या ठोक्याला जास्त वेळ द्यायचा, कारण अचूकता त्यातून येते. खालचे ठोके फक्त हो-नाही ठरवायला. संकेत क्षीण असताना खालच्या एखाद्या ठोक्यात चुकीचा निर्णय झाला तर उत्तर बरोबर १५०, ३००, ६०० मीटर असं दुपटीत उडी मारतं. शेषांत असा एकटा बिंदू दिसला की यंत्रावर किंवा भौतिकीवर संशय घेण्याआधी १५० ने भागून बघावं.

या मापातून वजा करायच्या गोष्टी. पृथ्वीवरच्या केंद्रातल्या केबल आणि यंत्रांतून जाण्याचा विलंब संकेत यानाकडे न पाठवता आतल्या आत फिरवून मोजतात, आणि तो मागच्या आठवड्याचा वापरून चालत नाही. यानातल्या ट्रान्सपॉंडरचा विलंब उड्डाणापूर्वी जमिनीवरच मोजून ठेवावा लागतो. नंतर तिथे पोचायची सोय नाही. हवा संकेताला डोक्यावरून सरळ २.३ मीटर उशीर लावते, क्षितिजापासून १० अंशांवर तोच १३ मीटर होतो. म्हणून यान खाली गेल्यावरच्या नोंदींना कमी वजन. आयनांबर (वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर) मध्यम भारलेलं असताना २.३ गिगाहर्ट्झला सुमारे चार मीटरचा उशीर लावतं, ८.४ गिगाहर्ट्झला फक्त तीस सेंटिमीटरचा, कारण हा परिणाम वारंवारतेच्या वर्गाने घटतो. त्याचाच फायदा घेऊन दोन वारंवारता एकदम वापरल्या तर फरकावरून विद्युतभारित वायूचा हिस्सा काढून टाकता येतो, किरीटाचासुद्धा. एक गोष्ट नवख्यांना फसवते: हा वायू ठोक्याला उशीर करतो, पण वाहक लहरीची कला (फेज) पुढे ढकलतो. अंतर आणि डॉप्लर (वेगामुळे वारंवारतेत पडणारा फरक) या दोन्हींना एकाच चिन्हाची दुरुस्ती लावली की चूक दुप्पट होते.

सूर्याजवळून जाताना आणखी एक उशीर लागतो, तो वायूचा नाही. अर्विन शापिरो यांनी १९६४ मध्ये दाखवून दिलं की सूर्याच्या गुरुत्वाकर्षणामुळे संकेताची फेरीच लांबते. मंगळ सूर्यामागे असताना आणि संकेत सूर्याच्या कडेला घासून जात असताना जाऊन-येऊन सुमारे २४७ मायक्रोसेकंद जास्त लागतात, म्हणजे ३७ किमी. मंगळावर गेलेल्या व्हायकिंग यानांच्या नोंदींनी हे ०.१ टक्क्यापर्यंत तपासलं. ही दुरुस्ती सूर्याजवळच लागते असं समजू नका. ती अंतराच्या लघुगणकाने बदलते, त्यामुळे एरवीही बरेच मायक्रोसेकंद शिल्लक राहतात, आणि मीटरची अचूकता हवी असेल तर ती कायम धरावी लागते.

आता ‘कोणत्या क्षणाचं’ याबद्दल. समजा गुरू ४.२ खगोलीय एकक लांब आहे. प्रकाशाला २,०९५.८ सेकंद लागतात. तेवढ्यात गुरू सेकंदाला १३.०६ किमी वेगाने सुमारे २७,४०० किमी पुढे गेलेला असतो. तेव्हा संकेत पोचला त्या क्षणीची गुरूची जागा हवी, आणि तो क्षण कोणता हे अंतर कळल्याशिवाय कळत नाही. हा पेच फेऱ्यांनी सुटतो. आधी आत्ताचं अंतर धरून वेळ काढा, तेवढ्या वेळाने गुरूची जागा सरकवा, पुन्हा वेळ काढा. गुरूची सगळी हालचाल नजरेच्या रेषेत आहे असं सगळ्यात वाईट धरलं तर पहिल्या फेरीत उत्तर ०.०९१ सेकंदाने बदलतं, दुसऱ्या फेरीत ४ मायक्रोसेकंदांनी, तिसऱ्या फेरीत पाच सेंटिमीटरने. प्रत्येक फेरीला चूक ग्रहाचा वेग भागिले प्रकाशाचा वेग इतक्या पटीने घटते, म्हणून तीन-चार फेऱ्यांच्या पुढे जायची गरज पडत नाही. जायचा आणि यायचा रस्ता वेगवेगळा सोडवायचा. ४,१९२ सेकंदांच्या फेरीत पृथ्वी सव्वा लाख किमी पुढे गेलेली असते आणि स्वतःभोवती साडेसतरा अंश वळलेली असते. दुहेरी वेळेला दोनने भागून ‘अंतर’ म्हणून लिहिणं शाळेत चालतं. कक्षा बसवताना नाही.

कालगणनेचा घोळ याहून जास्त लोकांना गिळतो. केंद्राच्या नोंदी समन्वित जागतिक वेळेत (यूटीसी) असतात, ग्रहांची समीकरणं गतिकीय वेळेत, म्हणजे लीप सेकंद नसलेल्या एकसारख्या वेळेत, चालतात. २०१७ पासून दोन्हींत ६९.१८४ सेकंदांचा फरक आहे. मंगळ सेकंदाला १० किमीने लांब जात असताना हा फरक विसरला की अंतर जवळजवळ ७०० किमी चुकतं. चूक मोठी, पण ती ग्रहाच्या सापेक्ष वेगानुसार हळूहळू बदलत असल्यामुळे कक्षेतल्या दोषासारखी दिसते, आणि माणूस भलतीकडेच शोधत बसतो.

यान मिळालं म्हणजे ग्रह मिळाला असंही नाही. ग्रहाभोवती फिरणारं यान केंद्रापासून कुठे आहे ते डॉप्लरवरून वेगळं काढावं लागतं. पृष्ठभागावर उतरलेलं यान यासाठी उत्तम, कारण ते ग्रहाला चिकटलेलं असतं. व्हायकिंगच्या उतरलेल्या यानांमुळेच मंगळाची कक्षा मीटरांच्या घरात आली. बुधासाठी २०११ ते २०१५ मधलं मेसेंजर, शनीसाठी २००४ ते २०१७ मधलं कॅसिनी, गुरूसाठी २०१६ पासून जुनो. युरेनसजवळून १९८६ मध्ये आणि नेपच्यूनजवळून १९८९ मध्ये व्हॉयेजर-२ एकदाच गेलं. त्यामुळे सूर्य ते नेपच्यून ‘४ तास १० मिनिटं’ आणि सूर्य ते मंगळ ‘१२ मिनिटं ४० सेकंद’ हे आकडे शेजारी छापलेले असले तरी त्यांच्यामागची अचूकता अजिबात सारखी नाही. नेपच्यूनची कक्षा अजून मुख्यतः दुर्बिणीतून मोजलेल्या दिशांवर उभी आहे.

सेकंदांचे किलोमीटर करताना मात्र काही गमवावं लागत नाही. १९८३ पासून मीटरची व्याख्याच प्रकाशाच्या वेगावर आहे, सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर. आणि २०१२ पासून खगोलीय एकक हा मोजायचा आकडा राहिलेला नाही, ते १४,९५,९७,८७०.७ किमी असं ठरवून टाकलंय. जुन्या पुस्तकात त्यापुढे अधिक-उणे दिसलं तर ते त्या काळचं.

घरी करता येण्यासारखा प्रयोग एकच, गुरूच्या आयो या चंद्राच्या ग्रहणांचा. ओले रोमर या डॅनिश खगोलशास्त्रज्ञाने १६७६ साली यावरूनच प्रकाशाला वेळ लागतो हे सांगितलं. पृथ्वीच्या कक्षेचा व्यास ओलांडायला २२ मिनिटं लागतात असा त्याचा हिशेब होता. खरी आहेत १६ मिनिटं ३८ सेकंद. तुम्हाला लागेल ६०-८० मिमीची दुर्बीण, पक्कं घड्याळ आणि तीन-चार महिने. प्रतियुतीनंतर (गुरू आकाशात सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला येतो ती प्रतियुती) आयो सावलीतून बाहेर येताना दिसतो, आत जाताना गुरूच्या आड असतो. प्रतियुतीच्या आधी उलट. दोन्ही प्रकार मिसळू नका, नाहीतर ग्रहणाची लांबी हिशेबात घुसते. प्रतियुतीनंतर दहा-पंधरा दिवसांनी सुरुवात करा. त्याआधी आयो गुरूच्या कडेला इतका चिकटून उजळतो की झगमगाटात कळत नाही. पूर्ण उजळायला त्याला साडेतीन मिनिटं लागतात. पहिला ठिपका दिसण्याची वेळ दुर्बिणीच्या आकारावर आणि हवेवर ठरते, म्हणून अर्ध्या तेजाची वेळ घ्या. साधा कॅमेरा लावून चित्रफीत घेतली आणि शेजारच्या चंद्राशी तेज ताडून पाहिलं तर हा क्षण काही सेकंदांत पकडता येतो.

आता सापळा. तक्त्यातून आयोचा काळ ४२ तास २७ मिनिटं ३३.५ सेकंद घेऊन गुणत गेलात तर उत्तराचा चुथडा होईल. तो काळ ताऱ्यांच्या संदर्भातला आहे. गुरू दरम्यान सूर्याभोवती सरकतो, त्याची सावली वळते, आणि एका ग्रहणापासून दुसऱ्यापर्यंत सरासरी ६२ सेकंद जास्त लागतात. प्रकाशामुळे पडणारा उशीर एका फेरीला जास्तीत जास्त पंधराएक सेकंद! म्हणजे दुरुस्तीच मूळ परिणामाच्या चौपट आहे, आणि गुरूची कक्षा लांबट असल्याने ती सुद्धा दहा टक्के कमी-जास्त होते. त्यामुळे सरासरी वापरू नका. दोन्ही ग्रहणांच्या तारखांचे गुरूचे सूर्यकेंद्री रेखांश (सूर्यावरून पाहिलं तर गुरू कोणत्या अंशावर दिसेल) पंचांगातून घ्या, फरकाच्या प्रत्येक अंशाला ४२४.६ सेकंद धरा, आणि ते फेऱ्यांच्या संख्या गुणिले ४२ तास २७ मिनिटं ३३.५ सेकंद यात मिळवा. रेखांश शतांश अंशापर्यंत हवेत, ०.०५ अंशाच्या चुकीने २१ सेकंद जातात. जे निरीक्षण या अपेक्षेपेक्षा उशिरा आलं, तो उशीर प्रकाशाचा.

त्याचं रूपांतर करताना पृथ्वी-गुरू अंतर दोन्ही तारखांना खगोलीय एककांत काढा आणि उशिराला अंतरातल्या फरकाने भागा. प्रतियुतीपासून चौथाई आवर्तनानंतर, म्हणजे साधारण १०० दिवसांनी, पृथ्वी एक एककानेच लांब गेली असं धरायचा मोह होतो. खरं तर १.०९५ एककाने जाते, कारण त्रिकोण तिरका झालेला असतो. इथेच दहा टक्के निसटतात. सगळं नीट केलं तर या १०० दिवसांत ५६ ग्रहणांअखेर नऊ मिनिटांच्या आसपास उशीर साचायला हवा.

तरीही एका हंगामाचं उत्तर ४९९ च्या बरंच इकडेतिकडे आलं तर घाबरू नका. युरोपा आणि गॅनिमिड या गुरूच्या दुसऱ्या दोन चंद्रांच्या ओढीमुळे आयोची ग्रहणं ४३७ दिवसांच्या आवर्तनाने तीन-साडेतीन मिनिटांपर्यंत मागेपुढे होतात. नऊ मिनिटांच्या मापात हे थोडं नाही. दोन-तीन हंगामांच्या नोंदी एकत्र घेऊन प्रकाशाच्या उशिरासोबत ४३७ दिवसांची एक लाटही बसवा, मगच दोन्ही सुटे होतात. हंगामाच्या शेवटी गुरू संध्याकाळी लवकर मावळायला लागला की ग्रहणं गाळणं वाढतं, म्हणून सुरुवातीचे दोन महिने एकही उघडी रात्र सोडू नका.